सव्वीस हिरवे गोल

हिंगमिरेबाईंना त्या मंगळवारी काय काय मिळणार होतं, ते मला पाठ होतं. खिचडी ढवळता ढवळता आठ दिवस मी तेच ऐकत होते. अंगणवाडीच्या दारावर 'आदर्श' अशी निळी पाटी. देवळाच्या सभामंडपातून उठून ग्रामपंचायतीच्या नव्या खोलीत बिऱ्हाड, खोलीला दार, दाराला कडी, कडीला कुलूप. मे महिन्यात निवृत्त होताना तालुक्याला व्यासपीठावर बोलावून नारळ आणि साडी. शिवाय वाघजाईवाडीच्या अंगणवाडीतल्या अलकाचं नाक खाली. हे शेवटचं बाई बोलून दाखवत नसत, पण मी मोजण्यात धरलं होतं. आदल्या वर्षी ती पाटी अलकाच्या दारावर लागली, तेव्हापासून बाईंना चहा गोड लागत नव्हता.

मला काय मिळणार होतं तेही सांगून टाकते. मी तिथली मदतनीस, शालन. पोरं गोळा करायची, नाकं पुसायची, चूल पेटवायची, पातेली घासायची. बाई गेल्या की सेविकेची जागा रिकामी होणार होती. मी बारावी पास होते. आणि आमच्या पर्यवेक्षिका देशमानेमॅडम बाईंना बोलल्या होत्या, "मूल्यमापन चांगलं होऊ दे, शालनचं नाव मीच पुढं पाठवते."

एवढा सगळा डोलारा सव्वीस पोरांच्या अंगावर उभा होता, आणि त्यातल्या निम्म्यांना स्वतःच्या चड्डीची नाडी सुटत नव्हती.

सोमवारी दुपारी पोरं झोपली होती. बाई खांबाला टेकून पत्रकं पसरून बसल्या होत्या. प्रत्येक पोराचं एक पत्रक. एका पायावर उभं राहतं का, मणी ओवतं का, नाव सांगतं का, हाक मारली की वळतं का. प्रत्येक प्रश्नापुढं एक रिकामा गोल आणि सगळ्यात खाली एक मोठा. ऑफिसातून तीन स्केचपेनं आली होती. येत असेल तर हिरवं, जमत आलं असेल तर पिवळं, येत नसेल तर लाल.

बाई हिरवं घेऊन सरळ रंगवत सुटल्या होत्या.

"बाई, बघायचं उद्या आहे ना?" मी विचारलं.

"बघायचं उद्याच आहे. पण मॅडमना उद्या चार गावं करायचीत. त्यांच्यापुढं मी गोल रंगवत बसू का?"

"आणि कुणाला आलं नाही तर?"

"न यायला काय झालं? महिनाभर घोटून घेतलंय की." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुला जागा पाहिजे ना गं?"

मी चुलीतली राख ओढायला घेतली. घोटून घेतलंय हे खरंच होतं. आधी तांबडा मणी, मग पिवळा, मग निळा. एक पाय वर, मनात दहा आकडे, पाय खाली. आमची पोरं झोपेतसुद्धा एका पायावर उभी राहिली असती.

एकोणिसाव्या पोरापाशी हिरवं पेन वाळलं. बाईंनी त्याचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि पुढं चालू. त्यामुळं विसापासून हिरवा जरा पोपटी झाला, आणि सव्विसावा तर इतका फिका, की गोल आहे का डाग आहे कळेना. लाल पेनाचं टोपण उघडलंच नव्हतं.

सव्विसावं पत्रक ईश्वरीचं. हजेरीत तिचं नाव शेवटी, कारण ती शेवटी आली. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, देशभर पांगलेली. कुणी केरळात, कुणी बंगालात. ईश्वरीचा बाप कोईमतूरला. पोरगी जन्मापासून तिकडंच होती. तीन वर्षांची झाल्यावर तिची आई सुवर्णा तिला घेऊन सासू-सासऱ्यांजवळ गावी राहायला आली. आता पोरगी साडेचारची होती आणि अजून एक शब्द बोलत नव्हती.

आमच्याकडं याला कुणी घाबरत नसे. गलाईवाल्यांची पोरं अशीच येतात. तिकडचं विसरलेली नसतात, इकडचं आलेलं नसतं. सहा महिने तोंडात मूग धरून बसतात, आणि एक दिवस जी सुटतात ती आवरत नाहीत. ईश्वरीला येऊन दीड वर्ष झालं होतं. पण दीड वर्ष म्हणजे तीन वेळा सहा महिने, असा हिशेब कुणी केला नव्हता.

मी केला होता. महिन्यापूर्वी माझ्या हातून खिचडीचं मोठं पातेलं फरशीवर पडलं. घंटा तुटून पडावी असा आवाज झाला. पंचवीस पोरं दचकली, दोघं रडायला लागली, देवळामागची कबुतरं उडाली. ईश्वरी भिंतीकडं तोंड करून मणी ओवत होती. तांबडा, पिवळा, निळा. तिचा हात थांबला नाही. मग शेजारचा पोरगा उठला तशी तिनं मान वर केली, आणि आधी माझ्या तोंडाकडं बघितलं. ती नेहमी तोंडाकडंच बघायची. माझ्या भुवया वर गेल्या की उठायचं, हनुवटी खाली गेली की बसायचं. आम्हा दोघींचं छान जमायचं.

मी ते बघितलं आणि पातेलं घासायला घेतलं.

तीन वाजता सुवर्णा पोरीला न्यायला आली. बाईंसमोर उभी राहून पदराशी चाळा करायला लागली.

"बाई, उद्या पोरांचं बघणार हायत म्हणं."

"हो. का गं?"

"ईश्वरी बोलत न्हाई ओ अजून. तिचं कसं करायचं?"

"अगं, दोन भाषांत अडकलीय ती. गेल्या साली पवाराचा पोरगा आला, तो पाण्याला तण्णी म्हणायचा. आता बघ, शिव्यासुद्धा अस्सल मराठीत देतोय."

"पण ही तण्णीबी म्हणत न्हाई, बाई."

बाईंनी पत्रकं गोळा करून उभी आपटली, कडा जुळवल्या. मी चुलीपाशी होते. माझ्या हातात फडकं होतं. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, की सुवर्णा, माझं पातेलं पडलं तेव्हा असं असं झालं. शब्द जिभेवर होते. पण सुवर्णाच पुढं बोलली.

"लाल तेवढं नका देऊ. तुम्ही तक्ता खांबावर लावता, सगळं गाव वाचतंय. सासूबाई आत्ताच मुकी मुकी करत्यात. लाल बघितलं तर मला घरात बसू देणार न्हाईत."

"कोण देतंय लाल?" बाई हसल्या. "हे बघ, आधीच हिरवं केलंय."

सुवर्णानं तो फिका गोल बघितला. बोटानं जरा शिवून बघितला. "उपकार झाले," म्हणाली, आणि पोरीला कडेवर घेऊन गेली. ईश्वरी तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती. मी भुवया उडवल्या. ती हसली.

मंगळवारी मॅडम साडेअकराला आल्या. आल्या आल्या घड्याळ बघितलं. पर्स मांडीवर, चष्मा कपाळावर. पोरं हजेरीच्या क्रमानं बसलेली. आमच्यात बसायचा क्रम कधी बदलत नसे, डोकी मोजायला सोपी पडत.

पोरांनी आम्हाला खाली बघायला लावलं नाही. पवाराचा पोरगा तर न विचारता एका पायावर उभा राहिला आणि खाली यायलाच तयार होईना.

"वा, हिंगमिरेबाई!" मॅडम म्हणाल्या. "पोरं आहेत का पोलीस?"

बाई लाजल्या. बासष्ट किलोची बाई लाजलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

सव्विसावा नंबर यायला पाऊण वाजला. मणी ईश्वरीनं सगळ्यांत भराभर ओवले. तीन रंगांवर न थांबता तिनं मध्ये पांढरा घालून वेगळीच नक्षी काढली. मॅडमनी माळ हातात घेऊन बघितली. "हुशार आहे गं."

मग पत्रकातला पुढचा प्रश्न. मुलाला पाठमोरं बसवायचं आणि मागून हाक मारायची. ईश्वरी भिंतीकडं तोंड करून बसली. भिंतीपाशी मी उभी होते, पाण्याची कळशी घेऊन.

"ईश्वरी!" मॅडमनी हाक मारली.

पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती.

"ईश्वरी!"

बाईंचा चेहरा मला तिच्या डोक्यावरून दिसत होता. बाईंचे डोळे माझ्यावर होते. मी भुवया वर केल्या आणि हनुवटीनं तिच्या पाठीमागं दाखवलं. एवढंच. कुणाला दिसलंही नसेल. ईश्वरी वळली आणि मॅडमकडं बघून गोड हसली.

"छान. नाव काय बाळ तुझं?"

ती हसत राहिली.

"लाजते, मॅडम," बाई म्हणाल्या. "वडील कोईमतूरला असतात."

"गलाईवाले का? मग बोलेल हळूहळू." मॅडमनी आधीच रंगवलेल्या गोलांखाली सही ठोकली आणि पर्स उचलली. "सव्वीसच्या सव्वीस हिरवे. तालुक्यात पहिल्यांदा."

पुढच्या आठवड्यात तालुक्याला मीटिंग झाली. बाईंच्या मागं मीही गेले, डबा धरायला. आधी आमच्यासाठी टाळ्या झाल्या. मग मॅडमनी वाघजाईवाडीचं पत्रक वर धरलं.

"अलकाताई, उभ्या राहा. सात लाल? वर्षभर करता काय तुम्ही तिथं?"

अलका उभी राहिली. बारकी, काळीसावळी, कपाळावर घाम. "मॅडम, बघितलं ते लिवलं."

"बघितलं ते लिहिलं म्हणे!" सगळा हॉल हसला. मीही हसले. बाई तर पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला आणि मला पाणी द्यावं लागलं. वाटेत एसटीत त्या म्हणाल्या, "आज चहा घेऊ या गं कुठंतरी."

एप्रिलमध्ये एका दुपारी देवळासमोर पांढरी गाडी येऊन थांबली. त्यातून एक डॉक्टर उतरले, तरुण, उन्हानं वैतागलेले. बरोबर मदतीला एक मुलगी आणि ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या.

"लालवाली मुलं आणा बाहेर," ते म्हणाले.

"कसली?" बाई.

"मूल्यमापनातली हो. ज्यांच्या पत्रकावर लाल गोल आहे ती. कान, डोळे, हृदय, सगळं बघायचंय. ज्यांना पुढं न्यायचं त्यांना याच गाडीतून न्यायचं. कुठंत मुलं?"

बाईंचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी ते मिटलं, आणि अभिमानानं मिटलं. "आमच्याकडं लाल एकही नाही, डॉक्टर. आमची आदर्श आहे."

पाटी खांबाला लागली होती. डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. मग बाईंच्या हातातलं पत्रक घेऊन उलटं केलं. "मागचं वाचलंत का?"

मागं बारीक अक्षरात चार ओळी होत्या. लाल खूण ही मुलाची किंवा सेविकेची चूक समजू नये. अशा मुलांची नावे तपासणी पथकास द्यावीत. मी त्या तिथं पहिल्यांदा वाचल्या असं म्हणाले असते, पण ते खोटं होईल. उरलेली कोरी पत्रकं मी डाळीच्या डब्यांखाली अंथरली होती, मागची बाजू वर करून. डबा उचलला की त्या ओळी रोज माझ्यासमोर असायच्या. मी त्यावर सांडलेली डाळ वेचायची.

"सव्विसातली एकही नाही?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "बरं झालं. वाघजाईवाडीला सात आहेत, तिथं वेळ पुरेल."

सुवर्णा तेवढ्यात पोरीला न्यायला आली होती. पेट्या बघून ती पुढं झाली. "साहेब, माझ्या लेकीचं कान बघता का? बोलत न्हाई ओ ती."

"नाव?"

"ईश्वरी."

त्यांनी पत्रक शोधलं. "हाक मारल्यावर वळते. हिरवा. नाव सांगते. हिरवा." त्यांनी सुवर्णाकडं बघितलं. "ताई, ऐकू येतंय असं इथं लिहिलंय, मॅडमची सही आहे. मशीनला वेळ लागतो, यादीतली मुलं संध्याकाळपर्यंत संपवायचीत. लहान असताना घेतलं तरच उपयोग असतो, म्हणून एवढी घाई. तुमची काय अडचण असेल तर बाईंना सांगा, पुढच्या फेरीला नाव घालतील."

"पुढची फेरी कधी?"

"बघू. वर्षभरात."

आता बोलायची पाळी माझी होती. मी पुढं एक पाऊल टाकलंसुद्धा. "डॉक्टर," मी म्हणाले.

"काय?"

बाईंनी माझा दंड धरला नाही, डोळे वटारले नाहीत. त्या नुसत्या हळू आवाजात म्हणाल्या, "शालन, तुझं नाव काल पुढं गेलंय." जशी काही ती आनंदाची बातमी होती, आणि सांगायला हीच वेळ मिळाली होती.

डॉक्टर वाट बघत होते. सुवर्णा बघत होती. ईश्वरी माझ्या तोंडाकडं बघत होती, उठायचं का बसायचं ते कळायला.

"पाणी घेता का?" मी विचारलं.

त्यांनी दोन पेले पाणी घेतलं. मदतीच्या मुलीनं रिकाम्या रकान्यात शून्य लिहिलं. गाडी वळून वाघजाईवाडीकडं गेली. तिचा धुरळा खाली बसेपर्यंत सुवर्णा तिथंच उभी होती, आणि मग मलाच म्हणाली, "मावशी, म्हंजे ऐकू येतंय तिला, न्हाई का? साहेब बोललं तसं."

मी कळशी विसळायला घेतली.

जुलैत मला सेविकेची ऑर्डर आली. आता नाव घालणं माझ्या हातात होतं, पण माझ्याही यादीत ते आलं नाही. पुढच्या फेरीची गाडी आमच्या गावाला आलीच नाही. आमचा आकडा शून्य होता, शून्यासाठी डिझेल कोण जाळणार? त्या एप्रिलनंतर पावणेदोन वर्षांनी पहिलीच्या गुरुजींनी ईश्वरीला घरी परत पाठवलं, तेव्हा मी रजा टाकली आणि सुवर्णाला घेऊन एसटीनं मिरजेला गेले. तिथले डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी कागद बघितले, पोरीला बघितलं, आणि चष्मा काढला.

"साडेचारलाच उशीर झाला होता. त्यात आणखी पावणेदोन वर्षं कुणी घातली?"

सुवर्णा म्हणाली, "कळलंच न्हाई ओ कुणाला."

मी तिच्या शेजारी बसले होते. तिथंही मी काही बोलले नाही. मला वाटलं होतं, नुसतं तिला तिथवर नेलं म्हणजे फिटलं.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. माझ्या अंगणवाडीत दरवर्षी दोन-तीन लाल निघतात, आणि मीटिंगला मला उभं करून विचारतात, काय करता काय तुम्ही तिथं? नव्या मॅडम, नवे फोन, प्रश्न तोच. मी पत्रक उलटं करून मागच्या ओळी वाचून दाखवते. "ते माहितीय हो," म्हणतात, "पण आकडा किती वाईट दिसतो." हॉल अजून हसतो.

गेल्या महिन्यात पोत ओवून घ्यायला विट्याला सराफाकडं गेले. मागच्या बाजूला, भिंतीकडं तोंड करून, ईश्वरी काळे मणी ओवत बसली होती. एकोणीस वर्षांची, लांब वेणी. कानातलं यंत्र समोर डबीत काढून ठेवलेलं. त्यातून तिला नुसता कलकलाट येतो, शब्द येत नाहीत, असं सुवर्णा सांगते. मी विसरले आणि हाक मारली. "ईश्वरी!"

दुकानातली सगळी गिऱ्हाईकं वळली. तिच्या समोर बसलेल्या मालकानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं बघून भुवया वर केल्या आणि हनुवटीनं मागं दाखवलं.

ती वळली. मला ओळखून गोड हसली आणि पोतीसाठी हात पुढं केला.

पाटी हिंगमिरेबाईंना मिळाली, नारळ आणि साडीसुद्धा. मॅडमना त्याच वर्षी हवी तिथं बदली मिळाली. खोली गावाला मिळाली, सुवर्णाला घरात दोन वर्षं शांतता, आणि जागा मला. अलकाला हॉलभर हसू मिळालं, पण तिच्या सातही पोरांना ती गाडी मिळाली. आमच्या पंचवीस पोरांचं काही गेलं नाही. ती एका पायावर उभी राहिली आणि विसरून गेली. आम्ही सगळ्यांनी जे घेतलं, ते एकट्या सव्विसाव्या नंबरनं भरलं, आणि अजून भरते आहे.